नाचणारीला लढता येत नाही म्हणे!

अंजिरी: परवा इथे कुणी लिहिलं, "जुन्या हाँगकाँगपटांतल्या नायिका नाचतात, लढत नाहीत." दोन दिवस डोकं ठणकतंय. १९६६च्या ‘कम ड्रिंक विथ मी’मधली खानावळ आठवा. पुरुषवेशातली चेंग पेइ-पेइ टेबलाशी निवांत बसलीय, भोवती गुंड. ती हलतही नाही, आणि हलते तेव्हा खेळ खल्लास! ही थांबायची लय दिग्दर्शक किंग हूने पेकिंग ऑपेरातून, म्हणजे गाणं, नाच आणि कसरती एकत्र असलेल्या चिनी नाटकातून घेतली. याला नाच म्हणता?

खडूसकाका: ते वाक्य माझंच, आणि मी मागे घेणार नाही. पेइ-पेइ मुळात बॅले शिकलेली. तिच्या उड्या किंग हूने संकलनाच्या कात्रीने जुळवल्या. लढणारी बघायची तर १९७२च्या ‘हापकिडो’तली अँजेला माओ बघा. लाथ उचलल्यापासून लागेपर्यंत सगळी दिसते.

मंजिष्ठा: काका, अँजेलाही पेकिंग ऑपेरात वाढली. तिथे काय नुसत्या लाथा शिकवतात? मी आठ वर्षं भरतनाट्यम केलं, मग कराटेला गेले. पहिल्याच दिवशी किबा दाचीत, म्हणजे पाय फाकवून गुडघे वाकवलेल्या घोडेस्वाराच्या पवित्र्यात उभं केलं. दोन मिनिटांत मुलांच्या मांड्या लटपटायला लागल्या, माझ्या नाही. भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीने, अरैमंडीने घडवल्या होत्या. तरी सर म्हणाले, "ही डान्सवाली, मागच्या रांगेत." अजून सलतं ते.

खडूसकाका: उभं राहणं वेगळं, समोरच्याचा ठोसा खाणं वेगळं. मी दहा वर्षं स्पारिंग, म्हणजे सरावाच्या लढती केल्यात. नाक दोनदा फुटलंय.

मंजिष्ठा: नाक फुटलं म्हणजे गार्ड खाली होता. त्याचा नाचाशी काय संबंध?

खडूसकाका: वैयक्तिक होऊ नका!

अंजिरी: अहो, मूळ मुद्दा राहिला. कारा हुई नाइटक्लबात नाचायची. दिग्दर्शक लाउ कार-लेउंगने तिला घडवलं आणि ‘माय यंग आँटी’साठी हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्सचा पहिलावहिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार तिला मिळाला. पण त्याच सिनेमात शेवटची मोठी लढत कोण लढतं? दिग्दर्शक स्वतः! ‘कम ड्रिंक विथ मी’तही शेवटी दारुड्या गुरूच पुढे. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये तुमची अँजेला काचेचा तुकडा पोटात खुपसून घेते, तिचा सूड भाऊ घेतो. बाईने दीड तास घाम गाळायचा आणि शेवट पुरुषाचा. राग याचा यायला हवा, बॅलेचा नाही.

खडूसकाका: शेवट हिसकावतात, हे कबूल. ‘माय यंग आँटी’ पाहताना मीही चिडलो होतो. नाचाबद्दलचं मत मात्र तेच.

मंजिष्ठा: मग पाच मिनिटं किबा दाचीत उभे राहून दाखवा. पुढचं त्यानंतर बोलू.