‘उख्तचेआरू’ म्हणजे नेमके काय?

धागाकर्ता
जुन्या इंग्रजीतील ‘उख्तचेआरू’ हा शब्द अलीकडे ‘पहाटेपूर्वी जाग येऊन अंथरुणात काळजी करीत पडणे’ या अर्थाने फार मिरवला जातो, आणि माझ्या मते ती शुद्ध हौशी भर आहे. उपलब्ध वाङ्मयात हा शब्द एकदाच येतो, तोही दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील एक्झेटर हस्तलिखितात, म्हणजे जुन्या इंग्रजी कवितांच्या संग्रहात, आज ‘पत्नीचा विलाप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ५३ ओळींच्या कवितेत. तिथे अंथरूण नाहीच; उलट पुढे इतर प्रेमी जीव शय्येवर असताना ही बाई ओकच्या झाडाखाली एकटीच फिरते.

पहिला प्रतिसाद
असहमत. जोडशब्द एकदाच आला असला, तरी त्याची कल्पना एकट्या कवीची नव्हे. ‘उख्त’ म्हणजे आपली उत्तररात्र. त्याच हस्तलिखितातील ‘भटक्या’ या कवितेचा नायकही दर उत्तररात्री आपले ‘चेआरू’, म्हणजे याच जोडशब्दाचा दुसरा भाग, एकट्यानेच बोलून दाखवावे लागल्याचे सांगतो. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यातल्या ड्रॅगनला तर ‘उख्त’ला घाला घालणारा असेच विशेषण आहे. ज्या प्रहरी मठवासी प्रार्थनेला उठत, त्याच प्रहरी दुःख आणि भयही जागे होई, असा हा संकेत दिसतो. त्यामुळे जागरण अर्थात गृहीतच आहे.

दुसरा प्रतिसाद
जागरण मान्य, पण ‘काळजी’ मान्य नाही. ‘चेआरू’पासून आजचा ‘केअर’ आला खरा, मात्र त्याचा लॅटिन ‘क्यूरा’शी (काळजी) संबंध नाही, दिसायला ते सारखे आहेत एवढेच. मूळ जर्मानिक (इंग्रजी, जर्मन इत्यादींच्या भाषाकुळातील) शब्दाचा अर्थ शोक, विलाप. जर्मन भाषेत गुड फ्रायडेला ‘कारफ्रायटाग’ म्हणतात, त्यातला ‘कार’ हाच. ‘उख्त’चे नाते मात्र ऋग्वेदातील ‘अक्तु’शी (रात्र), आणि त्या वाटेने ‘नक्त’शीही, जोडले जाते, म्हणजे शब्दाचा पहिला अर्धा भाग आपल्याला तसा परका नाही.

धागाकर्ता
संकेताचा मुद्दा मी मान्य करतो. ‘भटक्या’ माझ्या लक्षात यायला हवा होता. तरीही ‘उत्तररात्रीचा शोक’ हेच भाषांतर मला योग्य वाटते. उद्याच्या हप्त्याच्या चिंतेला हा शब्द लावणे म्हणजे कवितेवर अन्याय आहे.

पहिला प्रतिसाद
हप्ता बाजूला ठेवू. पण ज्या वाक्यात हा शब्द येतो, त्यातच ती ‘आपला धनी कोणत्या मुलखात असेल’ असे म्हणते. तो लाटा ओलांडून गेला आहे, मेलेला नाही. मग तिला वाटते ती काळजी नव्हे, हे कशावरून?