प्रतिसाद : ‘द एक्स्पान्स’ – सहा सीझन पुरेसे नाहीत

‘द एक्स्पान्स’ या अंतराळातल्या विज्ञानकथा-मालिकेबद्दल वर कुणीतरी लिहिलंय, ‘एकदा वाचवली की, आता पुरे.’ नाही पटलं. २०१८ मध्ये सायफाय (Syfy) वाहिनीने मालिका बंद केली ती दर्जा घसरला म्हणून नव्हे. त्यांच्याकडे अमेरिकेत टीव्हीवरच्या पहिल्या प्रक्षेपणाचेच हक्क होते, म्हणजे नंतर स्ट्रीमिंगवर बघणाऱ्यांचा त्यांना उपयोग शून्य. चाहत्यांनी थेट अ‍ॅमेझॉनच्या स्टुडिओवरून फलक लावलेलं विमान फिरवलं (हौसेला मोल नसतं!) आणि पुढचे तीन सीझन मिळाले. पण मूळ कादंबऱ्या नऊ, मालिका थांबली सहावर. शेवटच्या सीझनमध्ये तर फक्त ६ भाग, आणि त्यातही लॅकोनिया या दूरच्या ग्रहावरचं कथानक सुरू करून तसंच लोंबकळत ठेवलंय.

सीरिस या बटुग्रहावरच्या वस्तीत मिलर हा डिटेक्टिव्ह पेल्यात दारू ओततो तेव्हा धार सरळ न पडता वळते, कारण तिथलं गुरुत्व फिरण्यातून आलेलं. इतकी बारकाई कोण करतं हो? शिवाय बेल्टमधली (मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातली) माणसं इतरांसाठी बर्फ काढणार आणि स्वतः मोजून पाणी पिणार! सोलापुरात उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड भरणाऱ्याला हे राजकारण वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे आईसुद्धा बघायला बसली ती त्यामुळेच. अंतराळयानांशी तिला काही देणंघेणं नाही.