ऑक्टाव्हिया आरएस (२००४): हवेचा रस्ता मोकळा करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

मंडळी, मदत हवी आहे. पोस्ट लांबेल, पण आकडे न देता विचारलं तर तुम्हीच ओरडाल.

गाडी २००४ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, वीस व्हॉल्व्ह, कागदावर १५० हॉर्सपॉवर. २०१७ मध्ये पुण्याहून सेकंडहँड घेतली. तेव्हापासून धामणगाव रेल्वेजवळच्या आमच्या गावात ट्रॅक्टरच्या शेडमध्ये राहते. मीटरवर १ लाख ३८ हजार.

समृद्धीवर तशीही १२० ची मर्यादा, त्यामुळे टॉप स्पीडचा सोस नाही. दुखणं ओव्हरटेकचं आहे. यवतमाळकडे जाताना समोर कापसाने फुगलेला ट्रॅक्टर असतो, आपण तिसऱ्यात पाय दाबतो आणि गाडी नुसती आवाज करते. पूर्वी पाठ सीटला चिकटायची.

डोक्यात यादी तयार आहे: पुढचा मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी), सिलिकॉनचा इनटेक पाइप, तीन इंची डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) आणि शेवटी रीमॅप, म्हणजे इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलणं. भाव ऐकल्यावर मनातल्या मनात सोयाबीनचे क्विंटल मोजायला लागलो. बाबांनी एवढंच विचारलं, "आता इले काय इमान बनवतं काय?" (इमान म्हणजे विमान.)

आता माझं पाप सांगतो. गेल्या वर्षी नागपूरच्या एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून मूळ एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) काढून तेल लावायचा कोन फिल्टर बसवला होता. आवाज असा की पानटपरीवरची पोरं वळून पाहायची. मग दिवाळीच्या आधी सोयाबीनची काढणी आली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना थ्रेशर. महिनाभराने पाइप उघडून आत बोट फिरवलं तर बोटावर तेलकट राखाडी थर! म्हणजे ती धूळ टर्बोच्या पात्यांवरून गेली. त्याच संध्याकाळी जुना डबा आणि कागदी फिल्टर परत बसवला. पाती टॉर्चने पाहिली, कडा शाबूत दिसतात, हाताने हलवल्यावर खेळही नाही.

लॅपटॉपवर वॅगकॉम (गाडीच्या सेन्सरचे आकडे वाचणारं सॉफ्टवेअर) आहे. तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल, सकाळची वेळ:

एअरफ्लो मीटरने मोजलेली हवा सर्वाधिक ९४ ग्रॅम प्रतिसेकंद, ५८०० आरपीएमला.
बूस्ट (टर्बोनंतरचा हवेचा दाब) मागितला १५५० मिलिबार, मिळाला १५३०.
इंधनाची दुरुस्ती (मिश्रण नीट राहावं म्हणून इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, जास्तीचं सोडतो ते पेट्रोल) आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक ६ टक्के, लोडवर अधिक १८.८ टक्के.
दुपारी लोडवर इनटेकच्या हवेचं तापमान ७१ अंश.

हे ७१ पाहूनच इंटरकूलरचं भूत डोक्यात शिरलं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश काही नवीन नाही. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा नऊ-साडेनऊ टक्के विरळ असते, त्यात टर्बो ती आणखी तापवतो. मग ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे ओढतो आणि उरलीसुरली ताकदही जाते.

तर पहिला पैसा कुठे घालू? आणि इतक्या धुळीत मूळ डब्यापेक्षा बरं काही कुणी वापरतंय का?

प्रतिसाद (अकोल्याहून)

भाऊ, खरेदी थांबवा. तुमचं उत्तर तुमच्याच आकड्यांत हाये.

या इंजिनला ढोबळ हिशेब असा: ग्रॅमला ०.८ ने भागा, हॉर्सपॉवर येते. तुमचे ९४ म्हणजे जेमतेम ११७. पण बूस्ट तर मागितला तेवढा भेटून राहिला. टर्बो हवा ढकलते आहे आणि मीटर म्हणतो आलीच नाही. मार्केट यार्डात काटा मारतात ना, तसा तुमचा एअरफ्लो मीटरच काटा मारतोय. तो हवा कमी सांगतो म्हणून ईसीयू पेट्रोल कमी सोडतो, मिश्रण पातळ पडतं, आणि ते भरून काढायला लोडवर १८.८ ची दुरुस्ती. कोन फिल्टरचं तेल त्या सेन्सरच्या फिल्मवर जाऊन बसलंय, पैज लावा.

पडताळा फुकटात होतो. मीटरचं सॉकेट काढून एक चक्कर मारा. ईसीयू अंदाजाने चालवेल. गाडी तशीच जास्त मोकळी पळाली तर मीटर गेला समजा. फक्त मीटरसाठीचाच स्प्रे मारून पाहा. बोट, कापूस, कंप्रेसरची हवा यातलं काही लावू नका. नाही सुधारला तर नवा घ्या, पण स्वस्तातला नकली नको.

१८.८ पैकी सगळं पाप मीटरचं नाही, हेही लक्षात ठेवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, याला साडेतेराच्या आसपास. तेवढ्यानेच सात-आठ टक्के अधिक दिसणार.

आयडलचे ६ मात्र वेगळे. कुठून तरी चोरटी हवा आत जाते. इनटेक मॅनिफोल्डखालचे ब्रीदरचे (इंजिनमधली वाफ परत इनटेककडे नेणाऱ्या नळ्यांचे) रबर पाहा. वीस वर्षांत आपल्या उन्हात ते पापडासारखे होतात.

प्रतिसाद (वरोऱ्याहून)

वरच्यांशी सहमत. गळती शोधायला गॅरेज नको, ठिबकच्या दुकानात जा. इनटेक पाइपच्या तोंडात बसेल अशी पीव्हीसीची एंड कॅप घ्या, भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. मीटर काढून तिथे ती घट्ट आवळा, कंप्रेसरने सात-आठ पीएसआय भरा आणि साबणाचं पाणी शिंपडत जा. त्याहून जास्त भरू नका, तीच हवा ब्रीदरमधून खाली क्रँककेसमध्ये जाते, ऑइल सील उडतील.

इंटरकूलरबद्दल एक प्रश्न: तुमच्या पुढच्या उजव्या चाकाआडचं प्लास्टिकचं अस्तर जागेवर आहे का? मूळ इंटरकूलर तिथेच बंपरमागे असतो. नसेल तर गेले कितीतरी पावसाळे त्याने काळी माती खाल्ली असणार.

आणि डाउनपाइपचं म्हणाल तर त्यातला कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढला की पीयूसीला अडकाल, वर गाडीत मनाने बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. वीस वर्षांच्या गाडीचं पासिंग आधीच डोकेदुखी, त्यात ही भर कशाला?

मूळ धागाकर्ता, तीन आठवड्यांनी

दोघांचेही आभार. आधी लाज वाटेल ते सांगतो: अस्तर नव्हतंच. इंटरकूलरच्या पात्यांत वाळलेली काळी माती अशी गच्च बसली होती की पलीकडचा उजेड दिसेना. साध्या धारेने, जोर न लावता, दोन संध्याकाळी धुतला. प्रेशर वॉशर मुद्दाम नाही वापरला, पाती वाकतात.

एंड कॅपची युक्ती भारी निघाली. दुकानदाराने विचारलं, "किती एकराचं काम हाये?" सहा पीएसआयलाच मॅनिफोल्डखालून सूं आवाज. ब्रीदरचा कोपऱ्यातला तुकडा हात लावताच मोडून हातात आला. डायव्हर्टर व्हॉल्व्हपाशी (पाय काढल्यावर टर्बोची जादा हवा वळवणारा) एक क्लिपही सैल होती.

सॉकेट काढून चक्कर मारली तेव्हा गाडी खरंच मोकळी पळाली. स्प्रेने हवा ९४ ची १०३ झाली, पुढे सरकेना. शेवटी नवा मीटर मागवला. आता ११८ ग्रॅम, म्हणजे १४७-१४८ हॉर्सपॉवर! आयडलची दुरुस्ती १.२ वर आली, लोडवर ७. ते ७ इथेनॉलच्या खात्यावर टाकून सोडून देतो. यादीतली एकही वस्तू न घेता हे झालं, त्यामुळे बाबा माझ्यापेक्षा खूश आहेत.

फिल्टर कागदीच ठेवतोय. काढणीच्या दिवसांत दर महिन्याला उघडून पाहायचा, बाकी वेळी सहा हजार किलोमीटरला बदलायचा. डाउनपाइप यादीतून कापला.

इंटरकूलरचं मात्र अजून ठरत नाही. तापमान आता ५४ दिसतंय, पण बाहेर ३१ अंश आहे, त्यामुळे या आकड्यावर विश्वास नाही. मोठा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे उभा राहणार, म्हणजे ४५ अंशांत एसी लावून गावातून जाताना पाण्याचा काटा वर चढणार का, हे ज्यांनी बसवलाय त्यांनी सांगा. मी मे महिन्यात दुपारचा लॉग टाकतो.

तोवर कुणाकडे पुढच्या उजव्या चाकाआडचं अस्तर पडून असेल तर कळवा. सध्या फ्लेक्सचा तुकडा कापून लावलाय. त्यावर एका नगरसेवकाचा अर्धा चेहरा आहे.