जिल्हाबंदीने साथ ‘रोखली’ की ‘लांबवली’? शिरकाव आणि फैलाव यांतील भेद

विचारणा

साथरोगांविषयीच्या एका मराठी टिपणाचे संपादन करताना ‘जिल्हाबंदीमुळे कोरोनाची साथ रोखली गेली’ हे वाक्य समोर आले. २०२० मध्ये जिल्हाबंदी, संचारबंदी, जमावबंदी आणि टाळेबंदी हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले गेले. त्यांच्या अर्थांत नेमका भेद कोणता मानावा, आणि येथे ‘रोखणे’ हे क्रियापद योग्य ठरते का?

प्रतिसाद १

बंदी कशावर आहे, हे या शब्दांचे पूर्वपद बहुधा सांगतेच. जमावबंदी एकत्र येण्यावर असते, संचारबंदी घराबाहेर फिरण्यावर, तर जिल्हाबंदी केवळ सीमा ओलांडण्यावर. टाळेबंदी हा मूळचा कारखान्यांच्या दुनियेतला शब्द. मालकाने कारखान्याला टाळे ठोकले की तो वापरला जाई. जिल्हाबंदीचाही अर्थ बदललेला आहे. पूर्वी एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणाने तणाव वाढेल या भीतीने जिल्हाधिकारी त्याला प्रवेशबंदी करत, तेव्हा बातम्यांत हा शब्द येई; म्हणजे ती एका व्यक्तीवरची बंदी होती. २३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात राज्यभर संचारबंदी आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद करणे हे दोन्ही निर्णय एकाच दिवशी जाहीर झाले, आणि मला वाटते तेथूनच हे शब्द एकमेकांत मिसळले.

आपल्या वाक्याचा निकाल मात्र ‘शिरकाव’ आणि ‘फैलाव’ या दोन शब्दांवर लागेल. रोग बाहेरून प्रथम येतो तो शिरकाव. आल्यानंतर स्थानिकांमध्ये पसरतो तो फैलाव. जिल्हाबंदीचा परिणाम शिरकावावर होतो, फैलावावर थेट होत नाही. समजा, बाहेरून येणारे बाधित दहातून एकावर आले आणि जिल्ह्यातील रुग्णसंख्या दर पाच दिवसांनी दुप्पट होत असेल, तर दहापटीची ही तूट तीनहून थोड्या अधिक दुपटींत, म्हणजे सुमारे सोळा-सतरा दिवसांत भरून निघते. वुहान शहर २३ जानेवारी २०२० रोजी बंद केले गेले, तोवर रोग चीनच्या इतर शहरांत पोहोचला होता. त्यामुळे या प्रवासबंदीने चीनच्या मुख्य भूमीवरील साथ अवघी तीन ते पाच दिवस लांबली, असे एका प्रतिमान-अभ्यासात (साथीचे गणिती प्रारूप मांडून केलेल्या अभ्यासात) आढळले. म्हणून ‘रोखली’ऐवजी ‘लांबवली’ म्हणावे. मिळालेले दिवस खाटा, प्राणवायू आणि तपासण्यांची व्यवस्था लावण्यासाठी मोलाचे असतात, त्यामुळे ‘लांबवणे’ हे क्रियापद कमी प्रतीचे मुळीच नाही.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटते, पण ‘रोखणे’ सर्वत्र चुकीचे ठरवू नये. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याने एप्रिल २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत कमी-अधिक कडकपणे आपली सीमा राखली. तेथे स्थानिक फैलाव जवळजवळ नव्हता, येणाऱ्यांना सक्तीने वेगळे ठेवले जाई, आणि भूगोलही अनुकूल होता. तेथे साथ बराच काळ रोखली गेली, हे वाक्य खरे आहे. ज्या जिल्ह्यात रोग आधीच पसरला आहे, तेथे सीमा बंद करण्याबाबत हेच क्रियापद वापरले तर वाचकाची दिशाभूल होते.

आणखी एक जोडी पाहावी. ऑगस्ट २०२० मध्ये गणेशोत्सवासाठी कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांनी १२ तारखेपर्यंत पोहोचून दहा दिवस घरातच वेगळे राहावे, अशी अट होती. चतुर्थी २२ तारखेला होती. बातम्यांत याला कधी विलगीकरण, तर कधी अलगीकरण म्हटले जाई. माझ्या मते बाधिताला इतरांपासून दूर ठेवणे ते ‘विलगीकरण’ आणि लागण झाली असण्याची शक्यता असलेल्या निरोगी माणसाला दूर ठेवणे ते ‘अलगीकरण’ असा भेद कटाक्षाने पाळावा. चाकरमानी रुग्ण नव्हते, आणि त्यांच्याबाबत विलगीकरण म्हटल्याने गावांत नाहक संशय वाढतो. शिवाय ही अट प्रवासबंदी नव्हती: प्रवासाला मुभा देऊन शिरकावाचे रूपांतर फैलावात होऊ न देण्याचा तो प्रयत्न होता.

विचारणाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वाक्य आता असे केले आहे: ‘जिल्हाबंदीमुळे काही जिल्ह्यांत रोगाचा शिरकाव लांबला, मात्र जेथे तो आधीच झाला होता, तेथील फैलाव आवरण्यासाठी जमावबंदी, तपासणी आणि बाधितांचे विलगीकरण यांचीच गरज होती.’ टिपणात पुढे चाकरमान्यांचा उल्लेख आहे, तेथे अलगीकरण हाच शब्द ठेवतो.