टाके विरघळणारे आहेत म्हणाले, पण शेगडी घ्यावी का?

जुईचा_वेल
मैत्रिणींनो, बाळ आत्ताच झोपलंय, तोवर पटकन विचारते. पहिलं बाळंतपण, नॉर्मल झालं, आज नववा दिवस. डोकं बाहेर येताना खाली फाटलं. कार्डावर ‘सेकंड डिग्री टेअर’ लिहिलंय, म्हणजे कातडीबरोबर आतला स्नायूही फाटलाय. टाके किती घातले विचारलं, तर ‘विरघळणारे आहेत, काढायला यायला नको’ एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. बाळाच्या लसी, दूध, शेक सगळं समजावून सांगितलं, पण माझ्या त्या जागेचं काय करायचं हे कुणी दोन मिनिटं बसून सांगितलं नाही.

सध्या माहेरी आहे, कराडजवळ. आईने उद्यापासून शेगडी ठरवलीय. बाजेवर झोपायचं, खाली निखारे, त्यावर ओवा, बाळंतशोपा आणि लसणाची सालं. आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी म्हणतात, धुरीने जखम लवकर सुकते, आणि वर हळद-तेलाचा बोळा ठेवायचा. आईचं मन मोडवत नाही. तिने माझ्यासाठी बिनपगारी रजा घेतलीय, रात्री तीन-तीनदा उठते.

पण आज सकाळी पॅडवर तपकिरी दोऱ्याचा तुकडा दिसला, नखाएवढा. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. टाका तुटला का? हातआरशात बघितलं तर डावीकडे थोडी सूज आहे आणि टाक्यांच्या रेषेवर पिवळसर पातळ थर. ताप नाही. लघवी करताना आग होते. संडासला तीन दिवस गेले नाही, सगळं उसवेल असं वाटतं. कुणाशी बोलू कळत नाही, म्हणून इथे लिहितेय.

रात्रपाळी
अगं, आधी दोऱ्याचं सांगते. मी सतरा वर्षं प्रसूतिकक्षात नर्स आहे, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी रडवेली होऊन विचारते. विरघळणारा दोरा आठवड्याभरानंतर मऊ पडतो आणि बाहेरचे तुकडे गळतात. आत मांस जुळत आलेलं असतं. कडा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर दोरा पडल्याने काही बिघडत नाही. पिवळसर पातळ थर भरणाऱ्या जखमेवर येऊ शकतो, पण तो तोच आहे की पू, हे लिहून कळत नाही. त्यामुळे उद्या दवाखान्यात जाऊन एकदा दाखवून ये. लाजू नकोस, आम्ही दिवसभर हेच बघतो.

शेगडी मात्र घेऊ नकोस, हे अगदी हात जोडून सांगते. बंद खोलीत निखारे पेटले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि त्याच खोलीत तुझं नऊ दिवसांचं लेकरू आहे. शिवाय सुजलेल्या नाजूक जागेला चटका बसायला वेळ लागत नाही. धुराने जखम सुकत नाही, चुरचुरते. हळद-तेलाचा बोळाही नको. टाक्यांवर ओल धरून ठेवणारी कुठलीच गोष्ट नको, पावडरसुद्धा नाही.

आईला नाही म्हणू नकोस, तिला दुसरं काम दे. फक्त तुझ्यासाठी एक नवा टब, रोज घासून धुतलेला. त्यात तळहाताच्या मागच्या बाजूला सोसेल इतकं कोमट पाणी, नुसतं पाणी. डेटॉल, सॅव्हलॉन काही टाकायचं नाही, जखमेला ते झोंबतं. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं बसायचं. मग मऊ सुती फडक्याने टिपायचं, चोळायचं नाही. पुसायचं पुढून मागे. त्यानंतर जुनं धुतलेलं पातळ अंथरून, खालचं न घालता दहा मिनिटं पडून राहा, वाऱ्याने कोरडं होऊ दे. कमरेला ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून घे. ओवा-शोपा जेवणानंतर खा, त्याला माझी ना नाही.

पॅड भरलं नसलं तरी तीन-चार तासांनी बदल, आधी आणि नंतर हात साबणाने धू. लघवी करताना मगाने कोमट पाणी पुढून ओतत राहा, आग निम्मी होते. पॅरासिटॅमॉल अंगावर पाजताना चालते, डॉक्टरांनी लिहून दिली असेल तशी घे. दुखणं सोसण्यात काही मोठेपणा नाही.

आता संडासचं, कारण खरी भीती तिथे आहे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत आहे ना तुमच्याकडे? ती मोड. पाजताना प्रत्येक वेळी भांडंभर पाणी पी. लोहाच्या गोळ्यांनीही कोठा जड होतो, पण त्या बंद करू नकोस. तीन दिवस झालेत, तेव्हा उद्या डॉक्टरांकडून लॅक्टुलोज, म्हणजे शौच मऊ करणारं सिरप, लिहून घे. जाताना स्वच्छ पॅड घडी करून पुढून टाक्यांवर हाताने हलकं दाबून धर आणि कुंथू नकोस. टाके उसवत नाहीत गं. इतक्या वर्षांत संडासला जाऊन टाके सुटलेली बाई मी पाहिलेली नाही.

ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला, घाण वास आला, पू आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागलं, कडा उघडल्या, किंवा तासाभरात पॅड भिजलं, तर उद्याची वाट न बघता लगेच जा.

पंचगंगा_काठ
वास आला तर लपवू नकोस, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. माझ्या पहिल्या वेळी अकराव्या दिवशी वास यायला लागला. मी सासूबाईंना सांगायची लाज वाटून तीन दिवस पॅडच बदलत राहिले. चौदाव्या दिवशी एक कड उघडली. पुन्हा टाके घातले नाहीत, अँटिबायोटिक दिलं आणि आतून भरू द्यायचं ठरलं. रोज धुवायचं, कोरडं ठेवायचं. भरायला सहा आठवडे गेले. भरलं पूर्ण, आज काही त्रास नाही, पण तेव्हा कुशीवरून उठताना डोळ्यांत पाणी यायचं. आशाताई चौदाव्या दिवशी घरी आल्या, त्यांनी बाळाचं वजन केलं आणि मग मला विचारलं, ‘तुझं कसंय?’ तेव्हा मी बोलले. तुझ्याकडेही येतील. सातव्याला येऊन गेल्या असतील, आता चौदाव्याला.

ओवी७
पाजताना मांडी घालून बसू नकोस. कुशीवर झोपून पाज, बाळाच्या पाठीशी उशी नको, तुझ्या पाठीशी लाव. उठताना आधी कुशीवर वळ, मग हातावर जोर दे. मला याने सगळ्यात जास्त फरक पडला.
@रात्रपाळी, विचारते म्हणून रागावू नका, नवऱ्याजवळ कधी जायचं?

रात्रपाळी
रागावू कशाला, विचारायलाच हवं. जखम पूर्ण भरली, अंगावरचं जाणं थांबलं आणि तुला स्वतःला वाटलं की. सहा आठवड्यांनी तपासणी असते, तेव्हा डॉक्टरांना बघायला सांग. पाजताना तिथे कोरडेपणा असतो, त्याने दुखू शकतं. तेही त्यांना सांग. आणि गर्भनिरोधकाचं आधीच बोलून घे, पाळी यायच्या आधीही दिवस जाऊ शकतात.

जुईचा_वेल
काल जाऊन आले. डॉक्टरबाईंनी बघितलं, पू नाही, कडा नीट जुळल्यात, सूज उतरतेय. सिरप दिलं. आज सकाळी पॅड दाबून धरलं आणि गेले, काही उसवलं नाही. बाहेर येऊन पाच मिनिटं पलंगावर नुसती बसले.

आईला मी @रात्रपाळी यांचं सगळं वाचून दाखवलं. खोलीतल्या गॅसचं ऐकल्यावर तिने शेगडी स्वतःच अंगणात नेऊन ठेवली. निळा टब आणलाय, पाणी ती कोपराने तपासते, तळहाताने नाही. मावशींनी बोळ्याचं पुन्हा काढलं, तर आई म्हणाली, डॉक्टर नको म्हणाल्यात. बाळ उठलं, जाते.