जुना टू बीएचके विकायचाय : पोपडे, तडे, काळं ग्राउट. काय दुरुस्त करायचं, काय तसंच ठेवायचं?

कोथरूड_तिसरा_मजला
१८ वर्षं जुना फ्लॅट आहे. जाहिरातीचे फोटो काढायच्या आधी काय काय करून घ्यावं? बेडरूमच्या बाथरूमलगतच्या भिंतीवर खालून दीड फुटापर्यंत पोपडे आलेत, पांढरा खार दिसतो. हॉलमध्ये बीमखाली बारीक आडवा तडा आहे. बाथरूमचं ग्राउट (टाइल्समधल्या फटींचं भरण) काळं पडलंय, टाइल्सवर बोअरच्या पाण्याचे डाग आहेत. ओट्यामागच्या दोन टाइल्सचे टवके उडालेत आणि बाल्कनीचा सरकता दरवाजा अडकतो. एजंट म्हणतो सगळं घर रंगवून घ्या, घरचे म्हणतात काहीच नको.

लांबी_पट्टी
तुमच्या यादीत पोपडे सोडले तर बाकी बहुतेक दिसण्यापुरतं आहे. पोपडे म्हणजे पाणी कुठून तरी येतंय. आधी ते शोधा, भिंतीला हात नंतर लावा. ओल्या भिंतीवर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की ओल आत कोंडते, खार रंगाला आतून ढकलतो आणि व्यवहार पुरा व्हायच्या आत त्याच जागी फुगे येतात. ऑइल पेंट तर अजिबात नको, त्यातून भिंत सुकतच नाही.

पाणी थांबलं की सुटलेलं प्लास्टर विटेपर्यंत खरवडा, ओलीच्या रेषेच्या वर आणखी फूटभर. खार कोरड्या ब्रशनेच झाडा. पाण्याने धुतलात तर विरघळून परत भिंतीत जातो. नवं प्लास्टर झाल्यावर तीन-चार आठवडे सुकू द्या. मग दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून दिवसभर ठेवा. मागे घाम धरला तर अजून थांबा. नसेल तर व्हाइट सिमेंटची पुट्टी दोन हात (दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या वर नको), १२० आणि मग १८० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर एक हात, इमल्शन दोन हात.

बीमखालचा तडा बहुतेक वीटकाम आणि काँक्रीट यांच्या सांध्याचा आहे. नुसती पुट्टी भरली तर परत उघडतो. पत्र्याच्या टोकाने ४-५ मिलिमीटर खाच पाडा, धूळ काढा, ॲक्रिलिक क्रॅक फिलर भरा, वरून फायबरची जाळीपट्टी लावून मग पुट्टी. मात्र तडा तिरका असेल, नाणं आत जाण्याइतका रुंद असेल किंवा बीमवरच गंजाचा डाग असेल तर रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आणि रंग ठिगळासारखा लावू नका. जुना रंग उडालेला असतो, नवा चौकोन उठून दिसतो आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत घ्या. सगळं घर रंगवायची गरज नाही. हॉल आणि ती बेडरूम पुरे. १० बाय ११ च्या खोलीच्या चार भिंतींना दोन हातांसाठी साधारण ५ ते ६ लिटर इमल्शन लागतं.

टाइल_ग्राउट
ॲसिडने बाथरूम धुवायला सांगणारे भेटतील, ऐकू नका. डाग जातात, पण सिमेंटचं ग्राउट खाल्लं जातं, नळांचा मुलामा उडतो आणि उंबऱ्याला संगमरवर असेल तर तो कायमचा खरबरीत होतो. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, कपडा भिजवून टाइलवर अर्धा तास चिकटवा, नायलॉनच्या ब्रशने घासा. दगडाला मात्र व्हिनेगरही लावू नका. ग्राउट स्क्रेपरने २-३ मिलिमीटर खोल खरवडून नव्याने भरा. वरून नुसतं फासलेलं ग्राउट चार आंघोळीत सुटतं. ओल्या भागात इपॉक्सी ग्राउट घ्या, महाग आहे पण काळं पडत नाही.

ओट्यामागच्या टाइल्स सोडून द्या. त्या रंगाचा माल आता मिळणार नाही आणि स्वयंपाकघर घेणारा तसंही स्वतःच्या मनासारखं करतो. दरवाजाचा ट्रॅक झाडून बघा. तरी अडकला तर रोलर बदला. हे काम आधी उरका, कारण बघायला आलेला माणूस तो दरवाजा उघडतोच.

कोथरूड_तिसरा_मजला
पाणी बाथरूमच्या फरशीतून येतंय की पाइपातून, हे फोडाफोड न करता कळेल का?

लांबी_पट्टी
बऱ्याच अंशी. आधी पाइप तपासा. प्लंबरकडे दाबाचा काटा असलेला हातपंप असतो. लाइन भरून, नळ बंद करून ५-६ किलो दाब द्यायचा. तासाभरात काटा खाली आला तर पाइप. काटा स्थिर असेल तर नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या पाणी जायच्या तोंडाला) बोळा घालून फरशीवर इंचभर पाणी भरा, पेन्सिलने खूण करा, २४ तास बाथरूम बंद. खूण उघडी पडली किंवा खालच्या घराचं छत ओलं झालं तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपची कड. खालच्यांना आधी सांगून ठेवा.

दस्त_नोंदणी
एक कायद्याची बाजू. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम ५५ : विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. न सांगणं त्याच कलमाने फसवणूक ठरतं. काळं ग्राउट बघणाऱ्याला दिसतंच. पण गळती चालू असताना रंगवलेली भिंत यात अडकू शकते. गळती दुरुस्त केली असेल तर प्लंबरचं बिल, उघड्या भिंतीचे तारखेसह फोटो आणि पाणी भरून केलेल्या तपासणीचे फोटो जपून ठेवा, पहिल्याच भेटीत दाखवा आणि करारनाम्यात एक ओळ घाला. दुरुस्ती करायचीच नसेल तर कामाचं लेखी कोटेशन घेऊन तेवढी रक्कम किमतीतून उघडपणे वजा करा. नाहीतर समोरचा त्याच डागापायी अंदाजाने दुप्पट-तिप्पट कापतो.

जाहिरातीत जुने फोटो टाकू नका. सकाळी, पडदे बाजूला सारून, काढा.