मदत हवी आहे: टोरोंटोतला बांधकाम चालू असलेला लॉफ्ट, करार रद्द करायला 6 दिवस उरलेत

नमस्कार मंडळी. किंग वेस्टला एका जुन्या गोदामाचे लॉफ्ट (उंच छताचे, मोकळे फ्लॅट) होताहेत, त्यातला एक आम्ही बुक केलाय. ऑन्टारिओत बिल्डरकडून नवा कॉन्डो घेतला की 10 दिवसांत करार रद्द करता येतो; त्यातले 4 गेले. स्वतः राहायलाच घेतोय. डिपॉझिट 20 टक्के, हप्त्यांनी.

वकिलाला करार दाखवलाय. टॅरिअनचं (ऑन्टारिओत नव्या घरांच्या वॉरंटीचं काम पाहणारी संस्था) डिपॉझिटवरचं 20,000 डॉलरपर्यंतचं संरक्षण समजलं. क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर होताना, लागणाऱ्या डेव्हलपमेंट चार्जेसवर (पालिकेचं विकास शुल्क, जे बिल्डर आपल्यावर टाकतो) कमाल मर्यादा लेखी मागितली, बिल्डरचं उत्तर नाही. नकाशात छत 12 फूट आहे, पण स्वयंपाकघरावर तुटक रेषांचा एक चौकोन दिसला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, डक्ट झाकायला तिथे छत बरंच खाली येणार. सेल्स ऑफिसात हे कोणी आपणहून सांगितलं नव्हतं, म्हणून जास्तच धास्ती वाटते.

सगळ्यात मोठी काळजी इंटरिम ऑक्युपन्सीची. राहायला जाता येतं, पण इमारतीची कॉन्डो म्हणून नोंदणी होईपर्यंत घर नावावर होत नाही, आणि दरमहा भरलेल्या पैशांतला एक डॉलरही मुद्दलातून वजा होत नाही. हे पैसे आणि सध्याचं भाडं, दोन्ही खर्च फार काळ झेपणार नाहीत; सध्याच्या घराची लीज लवकर मोडता येत नाही.

'थांबा, दर उतरतील' हा सल्ला कृपया नको. जुन्या इमारतीतला असा लॉफ्ट कोणी घेतला असेल तर सांगा: इंटरिम किती महिने चाललं? आणि डेव्हलपमेंट चार्जेसच्या मर्यादेचं कलम या 10 दिवसांत करारात घालून मिळालं का?